गव्हाणीची खूण

(नाताळच्या काळासाठी मनन-पाठ. प्रथम घरी सर्वांनी मिळून वाचावे : संत लूक २:१-२० आणि संत मत्तय २:१-१२)



नाताळचा दिवस होऊन गेला. मध्यरात्रीच्या मिस्साची गर्दी ओसरली. करंज्या-चकल्यांचे डबे तळाला आले. दारावरचा कागदी तारा थंडीवाऱ्याने एका बाजूला फाटला आहे. नागपूर, पुणे, हैदराबादहून सुट्टीवर आलेली मुले परतीच्या गाडीत बसली, आणि ज्यांना रजाच मिळाली नाही त्यांच्या आईवडिलांनी फोनवरच नाताळ साजरा केला. आता पुन्हा धानाची मळणी, खरेदी केंद्रावरचा नंबर, दुकान, शाळा, दवाखाना. “झाला एकदाचा नाताळ,” असे म्हणून आपण कामाला लागतो.

ख्रिस्तसभा मात्र असे म्हणत नाही. तिच्या उपासनेत नाताळ हा एक दिवस नसून एक काळ आहे. २५ डिसेंबरला सुरू झालेला हा काळ पवित्र कुटुंबाचा सण, १ जानेवारीला देवमाता पवित्र मरियेचा सण, प्रकटीकरणाचा सण असे करीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. मेंढपाळांना वार्ता मिळाली ती एका रात्रीत. परंतु जे घडले त्याचा अर्थ मनात उतरायला वेळ लागतो, म्हणून ख्रिस्तसभा आपल्याला हे दिवस देते.

आणि आपल्यापैकी काहींना या दिवसांची खरोखरच गरज आहे. मिस्सानंतर आवारात बोलताना हळूच कुणीतरी म्हणून जाते, “सगळे केले, पण यंदा देव काही जाणवला नाही.” हे बोलणारी व्यक्ती श्रद्धेने कमी असते असे नाही. कधी घरात त्या वर्षी मृत्यू झालेला असतो, कधी कर्ज असते, कधी मुलाचे बोलणे तुटलेले असते. अशा मनाला रोषणाई बोचते. आजचा हा पाठ त्यांच्यासाठी आहे, आणि उद्या आपल्यावरही तशी वेळ येऊ शकते म्हणून आपणां सर्वांसाठीही आहे.

देवदूत गेले, गव्हाण उरली

संत लूकचे शुभवर्तमान सावकाश वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. मेंढपाळांभोवती प्रभूचे तेज फाकले, देवदूतांचा समुदाय स्तुती करू लागला. परंतु देवदूताने त्यांना खूण म्हणून ते तेज दिले नाही. त्याने सांगितलेली खूण वेगळीच होती : बाळंत्यात गुंडाळलेले आणि गव्हाणीत निजवलेले एक बाळ. पुढे देवदूत स्वर्गात परत गेले, असेही लूक सांगतो. म्हणजे मेंढपाळ बेथलेहेमला निघाले तेव्हा आकाशात काहीच उरले नव्हते. नेहमीचा अंधार, नेहमीची थंडी आणि कानांत ऐकलेला शब्द, एवढ्यावरच ते निघाले.

गव्हाण म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बैलाला तणीस टाकायची जागा. तिच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही. तिच्याजवळ जायचे तर वाकावे लागते. मेंढपाळांना गव्हाण नवीन नव्हती, आणि म्हणूनच ती खूण त्यांना कळली. देवाने त्यांच्या रोजच्या हातातली वस्तू खुणेसाठी निवडली.

असिसीचे संत फ्रान्सिस यांना हे पटले होते. १२२३ सालच्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो या गावी त्यांनी गव्हाणीचा देखावा केला. त्यात आजच्यासारख्या मूर्ती नव्हत्या. गवत होते, बैल होता, गाढव होते, आणि त्या गव्हाणीवरच याजकाने मिस्साबलिदान अर्पण केले. जनावरांचे खाणे ठेवायची जागा आणि आपल्याला जीवनाची भाकर मिळते ती वेदी, या दोहोंचे नाते त्या रात्री गावकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. बेथलेहेम या नावाचा अर्थच ‘भाकरीचे घर’ असा आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चो गावी गेले आणि तेथे त्यांनी गव्हाणीविषयीच्या आपल्या पत्रावर सही केली. त्या पत्राच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘अद्भुत खूण’ असा होतो. घरांतून, शाळांतून, दवाखान्यांतून, तुरुंगांतून आणि गावच्या चौकांतून गव्हाण मांडण्याची प्रथा जपावी, अशी इच्छा त्यांनी त्यात व्यक्त केली आहे.

ज्यांना पत्ता ठाऊक होता

आता दुसरा उतारा पाहू. पूर्वेकडचे ज्ञानी लोक यरुशलेमास आले आणि राजा जन्मला आहे तो कोठे, असे विचारू लागले. हेरोदाने मुख्य याजक व शास्त्री यांना बोलावले. त्यांनी संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या आधारे सांगितले : यहूदियातील बेथलेहेमात. उत्तर अचूक होते. यरुशलेमापासून बेथलेहेम अवघे आठ-नऊ किलोमीटर आहे. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोहोचेल, एवढेच अंतर.

तरी त्यांच्यापैकी कुणी तेथे गेल्याचे मत्तय लिहीत नाही. परके लोक दूर देशातून आले आणि ग्रंथ तोंडपाठ असलेले जागेवरच राहिले. ही गोष्ट आपल्याला झोंबायला हवी. धर्मशिक्षणाची उत्तरे आपल्याला येतात, जपमाळेची रहस्ये येतात, सणांचा क्रम पाठ आहे. तरीही पलीकडच्या गल्लीतल्या आजारी माणसापर्यंत आपली पावले पोहोचत नाहीत. खूण न दिसण्याचे कारण नेहमी देवाचे मौन नसते. पुष्कळदा आपण उठलेलोच नसतो.

आपल्या रूळांवरून गेलेले एक पुस्तक

देव किती शांतपणे काम करतो याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळून गेलेले आहे. कवी नारायण वामन टिळक हे नाव मराठी ख्रिस्ती माणसाला सांगायला नको. ते कॅथलिक नव्हते, पण मराठी ख्रिस्ती भजनांचा विषय निघाला की पहिले नाव त्यांचेच येते. १८९३ साली टिळक नोकरीच्या शोधात नागपूर सोडून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. तो गृहस्थ सौजन्याने बोलला. ख्रिस्ती धर्माविषयी त्यांच्यात गोष्टी झाल्या. जाताना त्याने टिळकांच्या हाती पवित्र शास्त्राचे पुस्तक ठेवले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे म्हणाला.

टिळकांना तेव्हा ते बोलणे पटण्यासारखे नव्हते. परंतु दिला शब्द पाळायचा म्हणून ते वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. पुढे ते पुस्तक त्यांना खाली ठेवता आले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयाने त्यांच्या घरात किती वादळ उठले आणि लक्ष्मीबाईंनी किती सोसले, ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचावयास मिळते.

नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा ओलांडूनच जाते. आपण ज्या फलाटावर चहा घेत गाडीची वाट पाहतो, त्याच वाटेने तो डबा गेला. फलाटावरच्या लोकांना काय दिसले असेल? दोन प्रवासी बोलत बसले आहेत, एवढेच. ना प्रकाश, ना आवाज. पण त्या लहानशा भेटीतून मराठी ख्रिस्ती भजनाची केवढी समृद्धी उभी राहिली! त्या प्रवाशाने काही मोठे केले नव्हते. त्याने शेजारच्या माणसाशी आदराने बोलून आपल्याजवळची एक वस्तू दिली होती. आपणही याच गाड्यांनी प्रवास करतो, आणि आपल्या शेजारच्या बाकावरही कुणीतरी बसलेले असतेच.

दिवा नसलेले घर

आता आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आधी आम्ही कॅरोल म्हणत घरोघरी जात होतो. गिटार होती, ढोलकी होती, मुलांच्या डोक्यावर लाल टोप्या होत्या. एका घरापाशी आलो तेव्हा बाहेर तारा नव्हता आणि दिवाही नव्हता. त्या घरातली आई पावसाळ्यात वारली होती. घरी वडील आणि लहान मुलगी. आम्ही आपसांत कुजबुजलो, “राहू द्या, दुःखाचे घर आहे, कशाला त्रास द्यायचा?” आणि आवाज बंद करून पुढे निघालो. हे आम्हांला समजूतदारपणाचे वाटले. खरे सांगायचे तर त्या दारात काय बोलावे, हे आम्हांला ठाऊक नव्हते आणि आम्ही घाबरलो होतो.

मागून मुलीचा आवाज आला, “आमच्या घरी नाही येत का जी?”

आम्ही परतलो. दादांनी दार उघडले आणि म्हणाले, “या जी. गाणे नका म्हणू. बसा फक्त.” आम्ही दहा-बारा जण सतरंजीवर दाटीवाटीने बसलो. टोप्या काढल्या. कुणी काही बोलले नाही. मुलीने कोपऱ्यात मांडलेली गव्हाण दाखवली. खोक्याचा पुठ्ठा, शेतातली तणीस आणि आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले बाळ. पंधरा-वीस मिनिटे झाली असतील. मग आमच्यातल्या एका मावशीने ‘हे आमच्या बापा’ सुरू केले, आणि दादांनी ते आमच्याबरोबर म्हटले. निघताना ते एवढेच म्हणाले, “आज घरात माणसे आली.”

त्या घराचे दुःख त्या रात्री नाहीसे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. पण आम्ही आनंद वाटायला निघालो होतो आणि जिथे जायलाच हवे होते ते घर टाळत होतो. देवदूताने सांगितलेली खूण, बाळंत्यात गुंडाळलेले बाळ, आमच्यासाठी त्या अंधाऱ्या घरात ठेवली होती. एका लेकराने हाक मारली नसती तर ती आम्हांला दिसलीही नसती.

धान कापल्यावर दिसणारे हिरवे

आपले शेतकरी बांधव एक पीक घेतात त्याकडे या दिवसांत जरूर पाहावे. धान उभे असतानाच, बांधीत ओल आहे तोवर, त्यात लाखोरीचे बी फेकतात. नांगर नाही, वखर नाही. बी धानाच्या सावलीत रुजते. वर लोंब्या डोलत असतात म्हणून खाली कुणाचे लक्ष जात नाही. मग धान कापले जाते, भारे उचलले जातात आणि बांधी उघडी-बोडकी दिसू लागते. रस्त्यावरून जाणारा म्हणेल, येथे आता काही उरले नाही. पण बांधावरून उतरून वाकून पाहिले तर धसकटांमधून हिरवे कोंब वर आलेले असतात. ते मागच्या पावसाच्या ओलीवर जगतात.

काही माणसांचे वर्ष असे कापून नेलेल्या बांधीसारखे असते. जे उभे होते ते गेले. त्यांना “सगळे ठीक होईल” असे घाईने सांगू नये. एवढेच सांगावे की आपण पाहत नव्हतो तेव्हाही पेरणारा पेरीत होता. पूर्वी ऐकलेला देवाचा शब्द, आजीने शिकवलेली प्रार्थना, कधीकाळी घेतलेला ख्रिस्तप्रसाद यांची ओल जमिनीत असते.

काहींना अशा वेळी प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. संत मदर तेरेसा यांची खाजगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा साऱ्या जगाला कळले की कित्येक वर्षे त्यांना अंतरी देवाची जवळीक जाणवत नव्हती. तरी त्या रोज मिस्साला जात होत्या आणि रस्त्यावरच्या मरणासन्न माणसाला उचलत होत्या. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. देव जाणवणे आणि देव असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

खूण ओळखायची कशी?

येथे थोडे सावध राहिले पाहिजे. हल्ली मोबाइलवर संदेश येतात : हे चित्र दहा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चमत्कार होईल, न पाठवल्यास वाईट होईल. असल्या धमक्यांचा आणि देवाच्या खुणेचा काही संबंध नाही. देव भीती घालून आपल्याला बांधत नाही. स्वप्ने, आकडे, योगायोग यांच्या मागे धावण्याचेही कारण नाही. देव आपल्या वचनात, पवित्र संस्कारांत आणि गरजू माणसांत आपल्याला भेटतो, हे ख्रिस्तसभा नेहमी शिकवत आली आहे. शुभवर्तमान वाचले तर खरी खूण ओळखण्यासाठी तीन गोष्टी हाती लागतात.

पहिली : खरी खूण आपल्याला उठवते. मेंढपाळ त्वरेने निघाले. जे दिसले त्याने आपण कुणाच्या तरी दारापर्यंत गेलो का, कुणाशी अबोला सोडला का, हे पाहावे. नुसते मन भरून आले आणि आपण जागेवरच राहिलो, तर अजून ऐकायचे बाकी आहे.

दुसरी : खरी खूण आपल्याला लहान करते. ज्ञानी लोकांनी बाळापुढे गुडघे टेकले. ज्या अनुभवाने “देव माझ्यावरच विशेष प्रसन्न आहे” असा ताठा येतो, तो तपासून घ्यावा. शिमोन आणि हन्ना यांना मंदिरातल्या गर्दीत तारणारा दिसला तो एका गरीब जोडप्याच्या हातांत. मरिया व योसेफ यांनी दिलेले अर्पण पक्ष्यांच्या जोडीचे होते. ज्यांना कोकरू परवडत नसे त्यांच्यासाठी नियमशास्त्रात ही सोय होती. तेथे बाळे घेऊन येणारे आईबाप नेहमीचेच होते. वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या दोन वृद्धांनी मात्र ओळखले.

तिसरी : खरी खूण दुःख असतानाही टिकते. त्याच शिमोनाने मरियेला सांगितले की तिच्या जिवातून तलवार जाईल. मरियेला सारे काही कळले होते असे शुभवर्तमान म्हणत नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हाही त्याचे बोलणे आईवडिलांना उमगले नाही. पण तिने सगळ्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या. न कळलेली गोष्ट फेकून न देता जपून ठेवणे, ही सुद्धा श्रद्धाच आहे.

या दिवसांत आपण काय करू?

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत घरातली गव्हाण आवरू नका. रोज रात्री जेवणानंतर टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून पाच मिनिटे तिच्यापाशी बसा. शेकोटीपाशी बसत असाल तर तेथेही चालेल. डिसेंबर-जानेवारीतली गोंदियाची थंडी कुटुंबाला आपोआप एकत्र आणते, तिचा फायदा घ्या. प्रत्येकाने त्या दिवसातली एकच गोष्ट सांगावी जिथे देव शांतपणे येऊन गेला असे वाटते. लहान मुलांना आधी बोलू द्या. ज्याला सांगण्यासारखे काही नसेल त्याने “आज काही दिसले नाही” असे म्हणावे. त्याला कुणी उपदेश करू नये. इतरांनी त्याच्यासाठी एक ‘नमो मरिया’ म्हणावी.

आणि आठवड्यातून एकदा एका घरी जा. ज्या दारात यंदा तारा लागला नाही ते घर निवडा. नातेवाइकाचे असो, शेजाऱ्याचे असो, आपल्या धर्माचे असो वा नसो. फार काही नेऊ नका, फार बोलू नका. बसा.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. या नाताळात आपण कोणते घर टाळले? का टाळले?

२. आपल्या कुटुंबात श्रद्धेचे बी कुणी पेरले? त्या व्यक्तीची एक आठवण मुलांना सांगा.

३. यरुशलेमातील शास्त्र्यांप्रमाणे आपल्याला ठाऊक असूनही आपण करीत नाही, अशी एक गोष्ट कोणती?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू गव्हाणीत निजलास आणि पुष्कळांच्या लक्षातही आला नाहीस. आमच्या घरात, आमच्या शेतात, आमच्या प्रवासात तू येतोस तेव्हा आम्हांला वाकून पाहण्याची बुद्धी दे. ज्यांना यंदा तू जाणवला नाहीस, त्यांच्याजवळ तू राहा आणि आम्हांलाही त्यांच्याजवळ बसव. दूर गावी कामाला गेलेल्या आमच्या मुलांना सांभाळ. तुझ्या आईप्रमाणे आम्हीही न उमगलेल्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवू शकू, असे कर. आमेन.